आचरणाचं पान

"ज्ञान विचारा मॅडम, दृष्टिकोन विचारा. आचरणाचं पान तेवढं राहू द्या."

एवढं बोलून सरांनी माझ्या हातातली प्रश्नावली घेतली, तिचं शेवटचं पान शांतपणे मागे दुमडलं आणि उरलेली पानं सोडवायला बसले. गाल एका बाजूनं फुगलेला, कारण तोंडात चॉकलेट होतं. मधुमेह असलेल्या माणसानं काय टाळावं, या प्रश्नावर त्यांनी अचूक खूण केली, चॉकलेटच्या कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. आमची पहिली भेट ही अशी झाली.

आधी माझं काम सांगते, म्हणजे तुम्हाला माझी नीट कीव करता येईल. आकुर्डीच्या एका कॉलेजातून मी आहारशास्त्र शिकले आणि लगेच एका प्रकल्पावर चिकटले. शाळेत जायचं, शिक्षकांना आहारातलं कितपत कळतं आणि ते स्वतः काय खातात हे प्रश्नावलीतून काढून घ्यायचं. मग वर्षभर दर शनिवारी जाऊन त्यांना आहाराचे धडे द्यायचे आणि पुढच्या जूनमध्ये तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची, मंडळी सुधारली का ते बघायला. प्रश्नावलीचे भाग तीन: ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. माझ्या वाट्याला तळवड्याची एक शाळा आली. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याच्या शेड होत्या. त्यांत दिवसभर प्रेस मशीन धाडधाड चालायची, आणि त्या मशीनवर राबणाऱ्यांचीच पोरं भिंतीच्या अलीकडे पाढे म्हणायची.

तुम्ही कधी शिक्षकांची परीक्षा घेतली आहे का? घेऊ नका. जन्मभर पोरांना "शेजारी बघू नकोस" म्हणणारी ही माणसं, कागद हातात पडताच एकमेकांच्या खांद्यावरून डोकावायला लागली. "लोह कशात असतं हो?" "पालक लिहा. पालक कुठंही चालतो." वजनाच्या रकान्यापाशी तर कहर झाला. एका बाईंनी शेजारणीचं वजन वाचलं आणि स्वतःचं त्याहून जरा कमी लिहिलं. ते बघून शेजारणीनं आपलं खोडलं. मी चिडून आवाज चढवला, तर सरच मध्ये पडले.

"रागावू नका मॅडम. आजवर आम्हीच लोकांची दारं वाजवत आलो. घरात माणसं किती, मतदार जिवंत आहे का मेला. आम्हाला पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय, जरा बावचळलोय."

सरांना ज्ञानात पैकीच्या पैकी, दृष्टिकोनातही तेच. माणूस मूळचा आष्टीकडचा, पाचवीचा वर्गशिक्षक, निवृत्तीला वर्ष उरलेलं. मधुमेह जुना होता. डाव्या पायाच्या करंगळीला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. सँडलमधून पट्टी दिसायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की साखर आवरली नाही तर बोट जाईल, आणि बोटावरच थांबेल याची हमी नाही. म्हणून काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, डबा अगदी मोजूनमापून द्यायच्या. ज्वारीची भाकरी, मेथी, मोड आलेली मटकी, काकडी. पहिल्या दिवशीचं चॉकलेट मी अपवादात धरलं, त्या डब्याचा फोटो काढला आणि पहिल्याच धड्याला सगळ्यांना दाखवला. "याला म्हणतात आचरण!" सर मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, विनय. कसला विनय, चोर होता तो चोर!

पुढच्या शनिवारी चोरी पकडली. मी पाचवीच्या वर्गात मागे बसले होते. दारात एक मुलगी आली. वाढदिवसाचं पोर तुम्ही लांबूनही ओळखाल. सगळे गणवेशात आणि हे एकटंच झगमगीत कपड्यांत, केसांना नवी क्लिप, हातात चॉकलेटचा डबा आणि सोबतीला एक मैत्रीण. मैत्रिणीशिवाय हा फेरा होतच नाही. मुलगी सरांपुढे उभी राहिली. सरांनी एक चॉकलेट उचललं. ती हलेना. सरांनी कागद सोडला. ती हलेना. सरांनी ते तोंडात टाकलं आणि डोळे मिटून "व्वा!" म्हटलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"सर!" मी मागून किंचाळले.

"ती उभी होती मॅडम," सर म्हणाले. जणू यावर आणखी काही बोलायचं शिल्लकच नव्हतं.

हे एकदा झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्या वर्गात सारखाच कुणाचा तरी वाढदिवस! मी म्हटलं, ही काय भानगड आहे? तेव्हा सरांनी मुलांना विचारलं, "कागदावर एक जून कुणाकुणाचा?" अर्ध्या वर्गानं हात वर केला.

तुम्हाला हे एक जूनचं प्रकरण ठाऊक असेलच. पोर घरी जन्मलेलं, तारीख कुणाच्या लक्षात नाही, आईबाप पोट भरायला कधी इथे तर कधी तिथे. दाखला करताना कुणीतरी ठोकून देतं: एक जून. पण एक जूनला शाळेला सुट्टी असते. म्हणजे या पोरांना वर्गात चॉकलेट वाटायला कधी मिळतच नाही. म्हणून सरांनी फर्मान काढलं होतं की ज्याचा एक जून आहे, त्यानं शाळा भरलेली असेल असा आपल्याला आवडेल तो दिवस निवडायचा. कुणी बापाच्या पगाराचा दिवस निवडला. कुणी खंडेनवमीचा आदला दिवस घेतला, कारण तेव्हा आईला कंपनीत पूजेची सुट्टी लवकर होते. एकानं तर गणिताच्या चाचणीचा दिवस घेतला, म्हणजे बाई मारणार नाहीत.

"आणि तुमचा कधी असतो सर?" मी विचारलं.

"एक जून," सर म्हणाले. "आमच्या अख्ख्या आळीचा एकच वाढदिवस होता. वाटणार कोण आणि खाणार कोण?"

मला राग आला. हसू नका, खरंच राग आला. माणसाला सगळं कळतं, पायाचं बोट काळं पडत चाललंय, आणि हा दर आठवड्याला साखर चघळतोय! मी भांडले. म्हटलं, पोरांना पेरू आणायला सांगा. सांगितलं त्यांनी. एका पोरानं बिचाऱ्यानं आणला, तर सगळा वर्ग त्याला दिवसभर "पेरूवाला" म्हणून चिडवत होता. मग मी दुसरी युक्ती शिकवली की घ्यायचं, "नंतर खातो" म्हणायचं आणि टेबलाच्या खणात टाकायचं. ही मात्र दोन आठवडे झकास चालली. नंतर एका मुलीनं खडू घ्यायला खण उघडला. आत सगळ्यांचे वाढदिवस तसेच पडलेले. तिनं आपलं चॉकलेट तेवढं ओळखून उचललं आणि जागेवर जाऊन बसली. सरांनी तिला परत बोलावलं आणि तिच्यासमोर ते खाल्लं. मला म्हणाले, "तुमची युक्ती तुमच्यापाशीच ठेवा मॅडम. लई वाईट हाय ती."

दिवाळीच्या सुट्टीत बोट गेलं.

सुट्टीनंतर सर लंगडत वर्गात आले, खुर्चीत बसले आणि हजेरी घेतल्यासारखं म्हणाले, "पटावर नऊच." पोरांना काही सुधरेना. मग सरांनी पायमोजा काढून पाय दाखवला. मागच्या बाकांवरची पोरं उभी राहून बघायला लागली. शेवटी पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ते बोट कुठं ठेवलं?" सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र व्हरांड्यात जाऊन रडले. इतके महिने धडे देऊन मी काय उजेड पाडला, सांगा?

त्याच दुपारी काकूंचा फोन आला. "आता पुढचा नंबर पावलाचा आहे म्हणतात डॉक्टर. घरचं मी बघते गं, पण शाळेत मी येऊ का त्यांच्या मागं मागं?"

पुढच्या शनिवारी मी सरांना न विचारताच पोरांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. साखर म्हणजे काय, बोट का गेलं, पुढे काय जाऊ शकतं. सर खिडकीबाहेर बघत बसले होते. माझं बोलणं संपल्यावर ती खणवाली मुलगी उठली. तिचा वाढदिवस होऊन गेला होता, म्हणजे यात तिचा स्वतःचा काही स्वार्थ नव्हता. ती म्हणाली, "मग सरांचं मॅडम खातील."

झालं! ठरावच पास झाला. मी फक्त शनिवारी यायची, म्हणून उरलेले सगळे एक जून शनिवारवर आले, आणि खऱ्या तारखांची पोरंही वाटायला शनिवारपर्यंत थांबू लागली. एक जूनच्या तारखा काय, सरांच्याच हातात होत्या. पोर यायचं, डबा सरांपुढे धरायचं. सर त्यातलं एक निवडायचे, कागद सोडायचे आणि माझ्या हातावर ठेवायचे. मग सर, ते पोर, त्याची मैत्रीण आणि अख्खी पाचवी माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. मी गिळलं की सर म्हणायचे "व्वा!" आणि स्वतः नुसतीच लाळ गिळायचे. चॉकलेट माझ्या तोंडात आणि चव त्यांच्या चेहऱ्यावर, असला प्रकार. मला कपडे घट्ट व्हायला लागले. आहाराचे धडे द्यायला मी पंजाबी ड्रेसवर ओढणी पसरून उभी राहायची, आणि गणिताच्या बाई मुद्दाम विचारायच्या, "मॅडम, तुमचं वजन कोणत्या रकान्यात लिहायचं?"

सर मोडले नाहीत. एकदाही नाही. सुरुवातीला माझा विश्वास नव्हता, म्हणून मी हळूच खण उघडून बघायची. जखम भरत आली. पाऊल वाचलं.

सर निवृत्त झाले एकतीस मेला. कागदावर एक जूनला जन्मलेला माणूस दुसऱ्या कुठल्या दिवशी निवृत्त होणार? शाळेला कुलूप, पोरं गावाला, मास्तर मंडळी लग्नांत. निरोप समारंभ शाळा उघडल्यावर करू, असं मुख्याध्यापक म्हणाले. पण सर तोवर आष्टीला निघून जाणार होते. शाळा उघडल्यावर मी प्रश्नावलीच्या दुसऱ्या फेरीला गेले, तेव्हा त्यांच्या खुर्चीत एक तरुण गुरुजी बसले होते. फार चांगले आहेत बिचारे. बदामच खातात. मला त्यांच्याशी काय बोलावं ते कळेना.

पण सरांची फेरी मी आधीच घेतली होती, तीही माझ्या घरी.

एक जूनला सकाळीच थेरगावातल्या आमच्या दाराची बेल वाजली. उघडलं तर दारात सर. वर्षभर मी त्यांना पांढऱ्या शर्टाखेरीज पाहिलं नव्हतं, आणि आज अंगात पोपटी, चकचकीत, फुलाफुलांचा शर्ट! केस चापून बसवलेले. हातात चॉकलेटचा डबा. आणि सोबतीला, एक पाऊल मागे, काकू.

"तळवड्यात सगळ्या खोल्या झाल्या," काकू म्हणाल्या. "जी पोरं गावाला गेली नाहीत त्यांना घरी जाऊन दिलं. पहाटेपासून हिंडतोय."

"यांनी किती खाल्ली?" मी काकूंना विचारलं.

"एकही नाही. मी सोबतच आहे की."

सरांनी डबा माझ्यापुढे धरला. मीही कमी नाही. म्हटलं, आधी पान भरा, मगच खाईन. आतून प्रश्नावली आणली आणि आचरणाचं पान काढून दिलं. सरांनी ते दाराच्या चौकटीवर टेकवलं. गेल्या आठवड्यात गोड किती वेळा खाल्लं? त्यांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी मान हलवली, आणि सरांनी लिहिलं, एकदाही नाही. अक्षर कसं सुंदर होतं! मग पेन माझ्या हातात दिलं आणि डबा पुन्हा पुढे केला.

"आता तुम्ही."

"सर, चहा घ्या, बसा तरी."

"मी उभा आहे मॅडम."

मी चॉकलेट घेतलं. ते हलले नाहीत. कागद सोडला. हलले नाहीत. तोंडात टाकलं आणि डोळे मिटून मान हलवली. सरांना तेवढं पुरलं. ते वळले. मला वाटलं, आता जिना उतरतील. पण काकूंच्या खांद्यावर हात टेकून, नऊ बोटांवर डुलत, ते शेजारच्या बंद दारापाशी गेले. तिथे राहणाऱ्या माणसांना ते ओळखतही नव्हते. त्यांनी बेल वाजवली, शर्ट खाली ओढून नीट केला, आणि दार उघडताच डबा पुढे धरून म्हणाले,

"आज माझा वाढदिवस आहे."