एक सासूबाई, नंबर अनेक

आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. चारकोपच्या वेगवेगळ्या सेक्टरांतून गोळा झालेल्या आम्ही आठ-दहा बायका. सगळ्यात धाकटी पन्नाशीची, सगळ्यात थोरली सत्तरी ओलांडलेली, आणि प्रत्येकीच्या पर्समध्ये गुडघ्याला चोळायची ट्यूब. श्रावणातल्या मंगळवारी नव्या लग्नाच्या मुलींची मंगळागौर असते. पूर्वी पूजा झाली की घरच्याच बायका खेळायच्या. आता घरच्यांना खेळ येत नाहीत, आणि ज्यांना येतात त्यांना डॉक्टरने मनाई केलेली असते. मग आम्हाला बोलावतात. आम्ही नऊवारी नेसून, नथी अडकवून जातो आणि फुगड्या, झिम्मा, सूप नाचवणं, घागर फुंकणं असा दोन तास धुडगूस घालतो. पाहुण्या बायका आधी मोबाइलवर शूटिंग करतात आणि शेवटी पदर खोचून आमच्यात शिरतात.

कार्यक्रम ठरवायचं काम माझ्याकडे, कारण माझा आवाज मोठा आहे आणि माझ्या घरी कंप्युटर आहे. कंप्युटरच्या शेजारी इंटरनेटबरोबर फुकट आलेला साधा फोन आहे. ग्रुपसाठी सगळीकडे त्याचाच नंबर दिलाय. त्यावर कोण बोलतंय ते दिसत नाही आणि आधी कोणी केला होता तेही कळत नाही, पण आवाज मात्र खणखणीत येतो. फोन आला की मी तिथल्या तिथे कंप्युटरवर दोन गोष्टी करायचे. कॅलेंडरमध्ये त्या मंगळवारावर खूण आणि काँटॅक्ट्समध्ये त्या घराचा नंबर.

बोलावणारी बाई बहुतेक वेळा नवरीची सासू असते. म्हणून नावाच्या जागी मी सरळ ‘सासूबाई’ असं टाइप करायचे आणि खाली शेऱ्यात बाकीचं सगळं. बोरिवली पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही, हॉल लहान. किंवा मुलुंड, माणसं हौशी, फराळ उत्तम. शेरा वाचला की मला ते घर आठवायचं. नावाची गरजच काय? माझ्या स्वतःच्या सासूबाईही त्याच यादीत ‘सासूबाई’ म्हणूनच होत्या. त्यांचं नाव लिहायला माझं बोट अजूनही धजत नाही.

हे सगळं झकास चाललं होतं. मग आषाढ संपता संपता कंप्युटर रेंगाळायला लागला. चालू केला की चहा करून, पिऊन, कप विसळून यावं, तरी पडद्यावर काही नाही. आमच्या घरातल्या गृहस्थांना निवृत्त झाल्यापासून कोणतंही यंत्र उघडायला निमित्त लागत नाही. इथे तर मिळालंच होतं. त्यांनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि शनिवारी सकाळी जाहीर केलं की सगळं पुसून नव्याने टाकायचं.

“आतलं सगळं काढून ठेवलंत ना?” मी विचारलं.

“सगळं.”

“नक्की?”

“अगं, फोटो घेतले, मेलचा पासवर्ड घेतला, तुझ्या माणसांचे नंबर घेतले. पेन ड्राइव्हवर आहे सगळं. तू काळजी करू नकोस.”

ते असं म्हणाले की मी काळजी करायला सुरुवात करते. पण संध्याकाळपर्यंत कंप्युटर खरोखरच नवा होऊन बसला. मेल तर आपोआप आले. पासवर्ड टाकला आणि वर्षानुवर्षांचे मेल धो धो येऊन पडले, सगळे न वाचलेले असल्यासारखे ठळक अक्षरांत. साड्यांचे सेल, जुनी विजेची बिलं, आमच्या मुलाच्या शाळेची सहलीची सूचना. तो मुलगा आता स्वतः बाप झालाय. गृहस्थ खूश होऊन हात चोळत होते. मी कॅलेंडर उघडलं.

श्रावण पांढराफटक. एकाही मंगळवारावर माझी खूण नाही. त्यांनी कुठेतरी भलताच देश निवडला होता, त्यामुळे कुठल्या तरी राणीच्या वाढदिवसाची सुट्टी तेवढी दिसत होती.

“अहो, माझं कॅलेंडर?”

“कॅलेंडर भिंतीवर आहे ना,” ते म्हणाले.

ते खरंच तसं समजले होते. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर आहेच. त्यावर ते स्वतः गॅस सिलिंडरची तारीख आणि दूध न आलेले दिवस लिहितात. कंप्युटरच्या आतही एक असतं आणि बायको त्यावर अख्खा श्रावण मांडून बसलेली असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्यांनी ऐकलंय, तेवढं पुरे.

बाकीच्या मंगळवारांना अजून वेळ होता. त्या घरांतून दोन-दोनदा फोन येतातच. माझा जीव अडकला होता तो पहिल्या मंगळवारात, म्हणजे समोरच येऊन ठेपलेल्या मंगळवारात. तो मी एका मुलीला दिला होता. फोन तिने स्वतः केला होता. नवरी स्वतः कधी फोन करत नाही, म्हणून तिचा आवाज माझ्या लक्षात राहिला. “काकू, मला आई नाही. सासूबाईही नाहीत. घरात मी आणि दोन पुरुष,” ती हसत हसत म्हणाली होती. “पूजा मी पुस्तकात बघून करेन, पण खेळायला कोणीच नाही. तुम्ही आलात तरच मंगळागौर होईल.” आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, “येतो म्हणजे येतो. पुन्हा फोन करायचीसुद्धा गरज नाही.”

आता ती पुन्हा फोन करणार नव्हती. ती पूजा मांडून बसणार, दाराकडे बघत राहणार आणि आम्ही येणार नाही. कारण ती कुठे राहते हेच मला आठवत नव्हतं. पत्ता मी नुसता टाइप करते, ऐकत नाही. ग्रुपमध्येही कोणाला विचारून उपयोग नव्हता. सगळ्या ठरल्या वेळी माझ्या बिल्डिंगखाली जमतात आणि मी सांगेन त्या रिक्षात बसतात.

“नंबर तर आहेत ना!” गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी पेन ड्राइव्ह लावला. नंबर आले. पण नुसतंच नाव आणि नंबर. शेरे एकाचेही आले नाहीत. लिफ्ट नाही, हॉल लहान, फराळ उत्तम, सगळं हवेत विरलं. पडद्यावर एकाखाली एक सासूबाई, सासूबाई, सासूबाई. मी कपाळाला हात लावून बघत होते, तेवढ्यात कंप्युटरने विचारलं की एकाच नावाच्या पुष्कळ नोंदी सापडल्या आहेत, एकत्र करू का? मला पसारा खपत नाही. मी ‘हो’ दाबलं.

पुढच्या क्षणी यादी अशी काही चकचकीत झाली की काय सांगू. एक सासूबाई उरल्या, आणि त्यांच्या पोटात अठरापगड नंबर.

“वाट लागली,” गृहस्थ म्हणाले. आज दिवसभरात ते पहिल्यांदाच खरं बोलले होते.

रविवारी सकाळी मी फोन घेऊन बसले. ती मुलगी त्या नंबरांत असेल असं मला वाटत होतं, कारण सवयीने मी तिलाही सासूबाईच करून टाकलं असणार. पहिला नंबर लावला. “नमस्कार, मंगळागौरीच्या ग्रुपमधून बोलतेय. तुमच्याकडे येत्या मंगळवारी आहे का हो?” पलीकडची बाई घाबरली. “येत्या? अहो, आमचं लग्नच अजून व्हायचंय!” तिच्या मुलाचं लग्न म्हणायचं होतं तिला. तिने मुहूर्ताच्या आधी आम्हालाच धरून ठेवलं होतं. दुसरीची मंगळागौर गेल्या वर्षीच झाली होती आणि आता सूनबाईला दिवस गेले होते. ती बातमी तिने मला फार आनंदाने, अगदी डोहाळ्यांसकट सांगितली. तिसरीने तारीख सांगितली, वर बजावलं की गेल्या वेळी आमच्यातल्या एकीच्या फुगडीत त्यांच्या शोकेसची काच तडकली होती. मी म्हटलं, या वेळी शोकेस हलवा. एकेक फोन लागत गेला, तसे माझे मंगळवार भरत गेले. गृहस्थ शेजारी बसून ते नव्या कॅलेंडरात टाकत होते आणि मान खाली घालून होते.

असाच न बघता एक नंबर लावला. “नमस्कार, तुमच्याकडे मंगळागौर येत्या मंगळवारी ठरली होती का?”

पलीकडून ओळखीचा आवाज आला. “काय गो, ह्या वयात माझी मंगळागौर करतलंस? थांब, ह्यांका विचारतंय.”

माझ्याच सासूबाई! घाटकोपरला दिराकडे असतात, पंच्याऐंशीच्या घरात आहेत. मी इकडे जीभ चावली, त्या तिकडे पोट धरून हसत होत्या. नंतर अर्धा तास आम्ही छान गप्पा मारल्या. एरवी आमचं बोलणं सणावारापुरतं असतं. पण गप्पा मारून काय, ती मुलगी काही सापडली नाही. संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या पोटातले सगळे नंबर लावून झाले. मी त्या मुलीला शब्द दिला होता, आणि शब्द देताना केवढा रुबाब केला होता.

सोमवारी दुपारी मी उरलेली यादी वरपासून खाली नुसती बघत बसले. दूधवाला, प्लंबर, भाचा, माहेर.

‘माहेर’ म्हणजे आमच्या गावच्या घरचा फोन. आई गेल्यावर भावाने ते घर बंद केलं आणि फोन काढून टाकला. नंबर बंद आहे हे मला माहीत होतं, तरी तो मी कधी पुसला नव्हता. त्यावर बोटही ठेवत नव्हते. त्या दिवशी कसं कोण जाणे, ठेवलं. आणि आत दोन नंबर होते.

एक गावचा. दुसरा मुंबईतला मोबाइल.

तेव्हा मला आठवलं. ती मुलगी फोन ठेवता ठेवता म्हणाली होती, “काकू, तुम्ही सगळ्या आलात की मला माहेर आल्यासारखं वाटेल.” तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, आणि सासूबाई लिहिता येईना म्हणून मी घाईत तोच शब्द टाइप केला आणि गॅस बंद करायला धावले. कंप्युटरने सासूबाईंसारखी माझी दोन माहेरंही एकत्र करून ठेवली होती.

मी नंबर लावला. दोन रिंगमध्ये उचलला.

“अगं, मी मंगळागौरवाली काकू बोलतेय. उद्या येतोय आम्ही. पत्ता जरा परत सांग.”

“आरेमध्ये, काकू. दुधाच्या कॉलनीतली क्वार्टर्स. मी सांगितलं होतं ना?” आणि मग, “येताय ना नक्की?”

“नक्की,” मी म्हटलं, आणि मला एकदम रडू फुटलं. गृहस्थांना वाटलं, नंबर चुकला.

मंगळवारी तीन रिक्षा भरून आम्ही आरेच्या झाडीतून निघालो. नऊवारीतल्या बायका बघून रस्त्यावरच्या म्हशीही थबकल्या. मुलगी दारातच उभी होती, हिरवा चुडा, कपाळावर आडवी चिरी. घर दोन खोल्यांचं. नवऱ्याने आणि सासऱ्यांनी मिळून पुरणपोळ्या केल्या होत्या. त्या पुरणपोळ्या बघून आमच्यातली थोरली म्हणाली, “हे भारताचे नकाशे कोणी लाटले रे?” सासरे लाजले आणि आत पळाले. पण पूजा मात्र देखणी होती. सोळा तऱ्हेची पत्री त्या मुलीने कॉलनीत हिंडून स्वतः गोळा केली होती.

मग आम्ही खेळलो. खोली एवढीशी, म्हणून फुगड्या अंगणात. तिला फुगडी येत नव्हती. मी तिचे हात धरले आणि सांगितलं, पाय जवळ, अंग मागे टाक, मी सोडत नाही. पहिल्यांदा ती घाबरली, नंतर जी फिरली ती थांबेचना. माझ्या गुडघ्याने हाय खाल्ली, तरी मी फिरत राहिले. आजूबाजूच्या क्वार्टर्समधल्या बायका आल्या, त्यांनीही झिम्म्यात हात घातले. सासरे दारात उभे राहून डोळे पुसत होते आणि कोणी बघितलं की चष्मा पुसल्यासारखं करत होते.

निघताना मुलगी रिक्षापर्यंत आली. आमच्या पाया पडली. मग मला म्हणाली, “काकू, आता परत कधी येणार?”

मी काही बोलायच्या आत थोरलीने रिक्षातून डोकं बाहेर काढलं. तिच्या बोलण्याला धार आहे, तिचा आवाजही माझ्यापेक्षा मोठा. “परत कशाला येऊ? माहेर काय असं रिक्षात बसून मुलीच्या दारात येतं होय? माहेरी जायचं असतं. पुढच्या मंगळवारी चारकोपला ये. नऊवारी नसेल तर हिच्याकडे जास्तीची आहे.”

पुढच्या मंगळवारी आमचा कार्यक्रम बोरिवलीला होता, दुपारी चारला. ती अकरालाच आली. मी कणीक मळत होते, म्हणून दार गृहस्थांनी उघडलं. तिने छत्री बाल्कनीत टाकली, पाय धुतले, सरळ स्वयंपाकघरात आली आणि माझ्याशी बोलता बोलता, कोणाला न विचारता, फळीवरचा चिवड्याचा डबा काढून खायला लागली.