सुपारीएवढा गूळ

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी वर्गात शिरायच्या आधी पोरं एकमेकांना काय खुणा करतात ते मला ठाऊक आहे, आणि त्या खुणा खोट्या नसतात.

हिंगोलीतल्या आमच्या घरी समोरच्या खोलीत दोन फुटांची काचेची टाकी आहे, आणि त्या टाकीत समुद्र आहे. हसू नका. फिल्टरचं पाणी, त्यात मोजून टाकलेलं समुद्री मीठ, वर निळा दिवा, आत दोन नारिंगी मासे आणि दगडावर चिकटवलेलं पोवळ्याचं कलम. जास्वंदीची फांदी लावावी तसं हे पोवळंही तुकड्यातून वाढतं. माझ्या लेकीनं पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून नखाएवढा तुकडा आणला होता. मऊ जातीचा, टाकीतच वाढलेला. दोन वर्षांत तो तळहाताएवढा झाला. सकाळी दिवा लागला की त्याच्या अंगातून बारीक बारीक बोटं बाहेर यायची आणि पाण्यात हलायची. मी आधी या सगळ्या खटाटोपाला नावं ठेवली. मग शाळेतून आल्यावर चपला काढायच्या आधी टाकीकडे बघायला लागले.

बारावीनंतर लेक मासळीचं शास्त्र शिकायला कोकणात गेली. जाताना टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "आई, मासे मेले तर मी समजून घेईन. पोवळं तेवढं जगव." मी म्हटलं, "जा गं, दिवाळीला येशील तेव्हा बघ." बोलायला काय जातं?

त्याच पावसाळ्यात मामा आमच्याकडे राहायला आले. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर डोंगरकडा या आमच्या गावी एकटेच होते. गुडघे गेले, शेत अर्ध्या वाट्यानं, बटईनं दिलं आणि त्या वर्षीची पेरणी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातानं झाली. माझे यजमान नोकरीपायी नांदेडला, शनिवारी यायचे. म्हणजे आठवडाभर घरात मी, मामा आणि समुद्र.

मामांनी खरा समुद्र कधी पाहिलेला नाही. पाणी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर सिद्धेश्वरचं धरण. पहिल्याच दिवशी खुर्ची टाकीपुढं ओढून त्यांनी विचारलं, "बाई, ह्ये झाड हाय का जनावर?"

"जनावर."

"मंग खातंय काय?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. गाय असो, मिक्सर असो, नाहीतर घरी आलेला पाहुणा असो, मामा आधी तो काय खातो ते विचारतात. मी त्यांना सांगितलं, ते उजेडावर जगतं आणि पाण्यातलं बारीकसारीक खातं. त्यांना काही ते पटलं नाही.

भादव्याचं ऊन तापलं आणि लाईटीनं ताल सोडला. दिवसातून चारदा जायची. इन्व्हर्टर दमून बसायचा, पाणी कोमट व्हायचं. पोवळ्यानं बोटं आत ओढली, अंग आक्रसलं, कडेला तपकिरी शेंबडासारखा थर धरला. मी लेकीला फोटो पाठवला. तिनं लगेच फोन केला. म्हणाली, "आई, मी जिवाणूंची बाटली पाठवते. पोवळ्याच्या अंगावर चांगले आणि वाईट दोन्ही जिवाणू असतात. ते अशक्त झालं की वाईट माजतात. चांगले भरपूर असले की वाइटांना जागा उरत नाही, शिवाय ते टाकीतली घाणही खातात. रोज संध्याकाळी पाच थेंब. पाचच."

बाटली आली तेव्हा मी शाळेत होते. मामांचे कान भलते तिखट, कुरियरची गाडी गल्लीच्या टोकाला वळली की त्यांना कळतं. मी घरी येऊन बघते तर बाटली माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

"मामा, हे इथं काहून?"

"पोरगी फोनवर बोलून राहिली व्हती ना, जित्ते जिवाणू हायेत म्हून. आपल्या सोयाबीनचं कल्चर बी तसंच. उन्हात मरतंय."

मग त्यांनी मला पेरणीआधीची गोष्ट सांगितली. सावलीत पोतं अंथरायचं, त्यावर बी पसरायचं. गूळ उकळून गार करायचा, त्या पाण्यात कल्चरचं पाकीट कालवायचं आणि हलक्या हातानं बियाला लावायचं. चप्पल काढून. "गुळाबिगर धरत न्हाई ते. तुमी ह्येनला काय देता?"

"काही नाही. नुसते पाच थेंब."

"उपाशीपोटी?"

मी हसले. तिथंच माझं चुकलं. वर्गात असा प्रश्न आला असता तर मी खडू खाली ठेवून नीट उत्तर दिलं असतं. घरच्या म्हाताऱ्या माणसाला कोण एवढं सांगत बसतं?

चौथ्या दिवशी सकाळी उठून बघते तर टाकीत दूध. पांढरं फट्टक पाणी, आतलं काही दिसेना. दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मला काही कळेना. मागं मामा उभे होते, हातात वाटी. म्हणाले, "म्या दोन दिस थोडा थोडा गूळ दिलता, बाई. सुपारीएवढा. जास्त न्हाई."

मग मी जे बोलले ते आजही आठवलं की कान तापतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, "स्वतःचं शेत दुसऱ्याला दिलं म्हणून माझ्या लेकीच्या टाकीत पेरणी करता का?"

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

मी लेकीला फोन लावला, स्पीकर सुरू करून. ती कळवळून विचारायला लागली, काय टाकलं, किती टाकलं. गूळ म्हटल्यावर किंचाळायचीच राहिली. "गूळ? कोणी टाकला?" मामांनी तोंड उघडलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मी."

"आई, तू विज्ञान शिकवतेस!"

पुढची दोन मिनिटं मी मुकाट बोलणी खाल्ली. मग ती शांत झाली. म्हणाली, टाकीवाले लोक जिवाणूंना साखर देतात, ते खोटं नाही, पण एवढ्याशा टाकीला चिमटीचाही बारका भाग पुरतो. जास्त झालं की जिवाणू बेसुमार वाढतात आणि पाण्यातली सगळी हवा पिऊन टाकतात. पाणी थोडं थोडं बदला आणि हवा द्या, हवा थांबली की सगळं संपलं. मामा मान खाली घालून ऐकत होते.

हवेचा पंप सुरू केला आणि दहा मिनिटांत लाईट गेली, इन्व्हर्टर आधीच बसलेला. दुष्काळात तेरावा महिना. मी शाळेत रजा कळवली आणि बादलीत मिठाचं नवं पाणी कालवायला बसले. वळून बघते तर मामा पाण्याचा गडवा घेऊन टाकीपाशी. गरम चहा गार करायला वरून ओततात ना, तसं टाकीतलंच पाणी उचलून वरून धार सोडणार, म्हणजे हवा मिसळेल. कल्पना नामी. पण गडवा तांब्याचा.

"तांबं नको! तांबं पाण्यात उतरलं तर पोवळं मरतं."

त्यांनी तो विस्तवावरचा असावा तसा खाली ठेवला आणि स्टीलचा घेतला. मग सुरू झाले. उचलायचं, ओतायचं. उचलायचं, ओतायचं. मी तासातासानं पाणी बदलत होते. "द्या मामा, आता मी," म्हटलं तर गडवा सोडेनात. दुपारी उजवा हात दमला तेव्हा डाव्या हाताची टेकण लावली. जेवले नाहीत. एकदाच बोलले, "बाई, दम धरतेत का ते?" मी म्हटलं, "धरतील." मला काहीच माहीत नव्हतं.

चारच्या सुमारास लाईट आली. एक मासा गेला होता. दुसरा तळाशी जाऊन लपला. पोवळं बंद मुठीसारखं दगडावर पडून होतं.

नंतरचे दिवस वाईट गेले. पाणी निवळलं, पण पोवळं उघडेना. मामा खुर्ची टाकीपासून लांब, दाराशी घेऊन बसायला लागले. टाकीकडे बघायचेही चोरून. माफी मागावी असं रोज मनात यायचं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा ओढल्या, स्वतःच्या चुकीवर ओढायची सवय नाही. शेवटी एका संध्याकाळी मी बाटली आणि थेंब टाकायची सिरिंज त्यांच्या हातात दिली. "आजपासून थेंब तुम्ही टाका मामा. मला शाळेमुळे वेळ चुकतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. उठले, चपला काढल्या, हात धुतले, चष्मा पुसला आणि पाच थेंब मोजले. मोठ्यानं मोजले, मला ऐकू येईल असे. रोज तसेच मोजायचे.

किती दिवस गेले ते मी मोजलं नाही, मामांनी मोजलं असणार. एका सकाळी मी डबा भरत होते आणि बाहेरून हाक आली, "बाई, येता का जरा?" पोवळ्याच्या कडेला एक बोट बाहेर आलं होतं. एकच. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो आणि माझी पहिली तासिका बुडाली.

दिवाळीला लेक आली. पाठीवरची बॅग तशीच, आधी टाकीपाशी. पोवळं सगळं उघडलेलं, एका कडेला जुना डाग. बराच वेळ काचेला नाक लावून बसली. मग तिला चिडवायची हुक्की आली. "आबा, आईनं गूळ टाकला तेव्हा तुम्ही काहून अडवलं नाही तिला?"

मी आत करंज्या तळत होते. झारा हातातच राहिला.

मामा म्हणाले, "काहून अडवू? भूक तिनं बराबर वळखली व्हती. माप तेवढं चुकलं."

माझा जीव राहिना. गॅस बंद केला, बाहेर आले आणि लेकीला सगळं सांगितलं. गूळ कुणी टाकला ते सांगितलं, आणि शेतावरून मी मामांना काय बोलले होते तेही, शब्द न गाळता. मग त्यांच्याकडे वळून म्हटलं, "मामा, मी तसं बोलायला नको होतं."

मामांनी कानामागं हात धरला. "काय बोलल्या व्हत्या तुमी? आमाला आताशा कमी ऐकू येऊन राहिलंय, बाई."

लेक माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात मामांनी खिडकीकडे मान वळवली आणि म्हणाले, "बघ, कुरियरवाला आला वाटतं." गाडी अजून गल्लीच्या टोकालाच होती.