फुकटचा मेल आणि गेटवरचा नंबर

आमच्या कारखान्यात जे फुकट मिळतं ते आधी घेतलं जातं आणि त्याचं करायचं काय, हा विचार नंतर होतो. साहेबांच्या केबिनमध्ये एकाच भिंतीवर सहा कॅलेंडरं आहेत, सहाही ऑइलवाल्यांनी आणि बेअरिंगवाल्यांनी दिलेली. तरी तारीख बघायची झाली की साहेब मलाच हाक मारतात. अशा ठिकाणी ईमेलला पैसे मोजले जातील अशी आशा मी धरली होती, कारण तेव्हा मी नवी होते.

कारखाना चाकणजवळ, निघोजे गावाला लागून आहे. पत्रा दाबून ब्रॅकेट काढायचे आणि गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला पाठवायचे, एवढाच आमचा धंदा. मी मूळची लातूरकडची. डिप्लोमा करून इकडे आले, लग्न होऊन मोशीत राहिले. कागदावर माझा हुद्दा ऑफिस असिस्टंट असा आहे. म्हणजे चहापत्ती संपली इथपासून ऑडिटची फाइल सापडत नाही इथपर्यंत जे जे बिघडेल ते माझं, आणि जे जे नीट होईल ते साहेबांचं.

‘‘मॅडम, आपल्याला एक चांगला मेल बघा,’’ साहेब एक दिवस म्हणाले.

‘‘चांगला म्हणजे कसा, साहेब?’’

‘‘म्हणजे फुकट.’’

त्याच महिन्यात एका वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून आमचं गेट दक्षिणेकडून पूर्वेकडे आलं होतं, भिंत फोडून, नवीन खांब घालून. त्यावर रात्रभर लुकलुकणारी पाटीही लागली होती. त्या खर्चाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मेलला मात्र महिन्याला एका माणसाच्या नाश्त्याइतके पैसे पडतील म्हटल्यावर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची जमीनच विकायला काढली आहे.

पहिला मेल मी निवडला तो दिसायला साधा होता. त्यात एकच गोष्ट होती, पाठवलेल्या प्रत्येक पत्राखाली तो स्वतःची जाहिरात चिकटवायचा. आम्ही मोठ्या कंपनीला खराब मालाचा रिपोर्ट पाठवला, त्याखाली केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात गेली. एका फोटोत टक्कल पडलेला माणूस, दुसऱ्यात तोच माणूस भरघोस केसांचा. तिकडच्या क्वालिटी इंजिनिअरने फोन करून अगदी शांतपणे विचारलं, यातला रिजेक्ट पीस कोणता?

दुसरा मेल तोऱ्यात होता. कंपनीचं नाव मागे लावून मिळत होतं, जाहिरात नव्हती, साहेब खूश. वर्षभराने त्यांचं पत्र आलं की यापुढे पैसे पडतील. साहेबांना इतकं लागलं की दोन दिवस ते मला ते पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लावत होते. ‘‘असं कसं म्हणतात? आपण वर्षभर वापरलाय की त्यांचा मेल,’’ असं त्यांचं म्हणणं होतं.

मग सगळं जग जो वापरतं तो तिसरा मेल घेतला. आमचं नाव अर्थातच आधीच कोणीतरी घेतलेलं होतं. त्यामुळे नावापुढे चाकण, त्यापुढे एक आकडा, मध्ये टिंब, खाली रेघ, असा तो पत्ता तयार झाला. फोनवर कोणाला सांगायचा झाला की समोरचा माणूस दोनदा तरी ‘थांबा, पेन आणतो’ म्हणतो. व्हिजिटिंग कार्डावर तो एका ओळीत मावला नाही, म्हणून साहेबांनी कार्ड मोठं छापून घेतलं.

शेवटच्या पानावर त्याने एक मोबाइल नंबर मागितला. खातं कधी अडलं तर त्या नंबरावर ओटीपी येणार होता. साहेब म्हणाले, ‘‘माझा नको, मग लोनवाले फोन करून जीव खातात.’’ अकाउंटंटने आपला फोन उचलून खिशातच टाकला. मीही दिला नाही. मुलाच्या शाळेचं सगळं याच नंबरावर येतं, असं मी सांगितलं. ते खरं होतं, पण कारण ते नव्हतं. मग साहेबांनी खिडकीतून बाहेर गेटकडे पाहिलं.

गेटवर मामा असायचे. निघोज्याचेच म्हातारे, एका एजन्सीमार्फत आमच्याकडे वॉचमन. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन सरळ उभे राहिले आणि दहा आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. कंपनीला आपला नंबर लागतो याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. कंपनीच्या मेलची किल्ली अशा रीतीने गेटवर गेली, आणि आम्हाला कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतरचा रिवाज असा. मेल अडला की मी इंटरकॉमवरून गेटला फोन करायचा. ‘‘मामा, आला का?’’ ‘‘आला, म्याडम. लिवा. च्यार. सात. सात. थांबा, चष्मा घालतो.’’ मागून ट्रकचा हॉर्न चाललेला असायचा. आलेला प्रत्येक ओटीपी मामा गेटच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचे, वेळेसकट, गाडी नंबरच्या रकान्यात. दुसरा रकाना त्यांना योग्य वाटला नसावा. एका ऑडिटरने मला विचारलं होतं की नुसत्या सहा आकड्यांच्या या गाड्या कुठल्या राज्याच्या.

त्याच ऑडिटरने जाताना शेरा मारला की गेटवरचा माणूस वयस्कर आहे. झालं. साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, एजन्सीला मेल टाका, तरुण माणूस द्या म्हणावं.’’ मी टाकला. छान इंग्रजीत टाकला, दोनदा वाचून, ‘आमच्या वाढत्या गरजा लक्षात घेता’ अशा थाटाचा. एक तारखेपासून मामा बंद झाले.

जाताना ते माझ्याकडे आले. साहेबांकडे गेले नाहीत. ‘‘म्याडम, एजन्सीला येक लिवा ना माज्यासाठी. दुसऱ्या कुठल्या गेटावर लावलं तरी चालंल. घरी बसून न्हाई व्हत.’’ मी म्हटलं, ‘‘मेल टाकते मामा. उत्तर आलं की कळवते.’’ आमच्या ऑफिसात ‘मेल टाकते’ हा माणसाला वाटेला लावायचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे. मी तो मेल टाकला नाही. मुद्दाम नाही. त्या आठवड्यात महिनाअखेर होती, मग गुरुवारची आठवड्याची सुट्टी आली, मग राहून गेलं. राहून गेलं हे कळत असूनही राहू दिलं, हे जास्त खरं आहे.

दोन महिन्यांनी विजेच्या एका झटक्यात ऑफिसचा कॉम्प्युटर बसला. नवीन आणला, मेल उघडायला गेले, तर मेलने आम्हाला ओळखच दाखवली नाही. इतकी वर्षं फुकटात सांभाळलं, आणि आता तुम्ही कोण? खात्री पटवण्यासाठी त्याला ओटीपी हवा होता, आणि तो मामांच्या नंबरावर जाणार होता.

नेमकं त्याच दिवशी मोठ्या कंपनीतून फोन आला. एका नवीन ब्रॅकेटचं ड्रॉइंग मेलवर पाठवलंय, चार वाजेपर्यंत मंजुरीचं उत्तर द्या, नाहीतर काम भोसरीच्या पार्टीकडे जाईल. हे काम आलं नाही तर दुसरी शिफ्ट बंद करायची, असं साहेबांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या शिफ्टला अकरा माणसं होती. मी तिकडच्या इंजिनिअरला म्हटलं, दुसऱ्या पत्त्यावर पाठवता का? ते म्हणाले, आमच्याकडे नोंदवलेल्या पत्त्यावरच जातं आणि त्याच पत्त्यावरून आलेलं उत्तर चालतं. पत्ता बदलायचा असेल तर त्याच पत्त्यावरून विनंती पाठवा. एवढं सोपं आणि सुटसुटीत होतं सगळं.

‘‘मॅडम, हा मेल तुम्ही निवडला होता,’’ साहेब म्हणाले. त्यांची स्मरणशक्ती अशा वेळी फार चांगली असते.

मामांना फोन लावला. रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं. नऊ वेळा लावला. गेटवरचा नवीन तरुण, बुटांना पॉलिश केलेला, मला सलाम ठोकून म्हणाला की तातडीसाठी त्याचा नंबर द्यायला एजन्सीची परवानगी नाही. मी त्याला मागितलाही नव्हता. तीन वाजायला आले होते. साहेबांचा लॅपटॉप पिशवीत टाकला आणि स्कूटी गावाकडे काढली.

मामा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मला बघून उठले, हात धोतराला पुसले. ‘‘आल्या का म्याडम! बसा. ये पोरी, च्या टाक.’’

‘‘मामा, फोन कुठाय तुमचा?’’

फोन आत चार्जिंगला होता. त्यांची सून तो घेऊन आली. ‘‘आवाज बंद करून ठेवलाय ताई,’’ ती म्हणाली. ‘‘दिवसभर लोनवाल्यांचे फोन येतात. कोण म्हणतं मालक आहात का, कोण म्हणतं कारखान्यासाठी कर्ज हवंय का. दुपारी झोपू देत नाहीत यांना.’’ ते सगळे फोन आमचे होते.

लॅपटॉप ओट्यावर ठेवला, मोबाइलवरून नेट जोडलं, ओटीपी मागवला. मामांनी चष्मा घातला आणि ते उभे राहिले. गेटवर वाचायचे तसे. ‘‘लिवा म्याडम. नऊ. शून्य. तीन,’’ असं सावकाश सहाही आकडे वाचले आणि शेवटी पुन्हा एकदा वाचून खात्री करून घेतली. मेल उघडला. सप्लायरांचे गुड मॉर्निंगवाले फोटो ओलांडत ओलांडत ड्रॉइंगपर्यंत पोचले, मंजुरीचं उत्तर पाठवलं. चारला वीस मिनिटं कमी होती. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘बघा, उगाच घाबरलात. आणि तो नंबर आधी काढून टाका त्यातनं.’’

बरोबरच होतं ते. मी त्यात माझा नंबर टाकायला घेतला. आता देताना मला मुलाची शाळा आठवली नाही. जुना नंबर काढायचा तर मेलला पुन्हा एक ओटीपी हवा होता, जुन्याच नंबरावरचा. मामा बसलेले पुन्हा उठले आणि तोही त्यांनी नीट वाचून दाखवला. तो कशासाठी लागतोय हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. फक्त म्हणाले, ‘‘कवाबी लागला तर सांगा. म्या घरीच आसतो.’’

मला स्वतःची लाज वाटली. निघावं म्हणून मी पिशवी उचलली.

‘‘म्याडम,’’ ते म्हणाले, ‘‘आता उघडलंच हाय तर येवडं बगा की. माजं एजन्सीचं काय उत्तर आलंय का?’’

मी स्क्रीनवर बोट फिरवलं, शोधल्यासारखं केलं. पाठवलेल्या पत्रांमध्ये एजन्सीला लिहिलेलं एकच पत्र होतं, मामांना काढण्याचं. जे लिहिलंच नव्हतं त्याचं उत्तर कुठून येणार होतं?

‘‘नाही आलं, मामा.’’

‘‘येईल, येईल.’’ उलट त्यांनीच माझी समजूत काढली. ‘‘फुकटातला मेल हाय त्यो. येळ लागत आसंल त्याला.’’

सून दारात उभी होती. मेल पोचायला किती वेळ लागतो हे तिला माहीत होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी मामांना हो म्हणाले.