फूटपट्टीबाईंची परत वही

फोन कंपनीच्या तळमजल्यावरच्या खोलीत ताई बावीस वर्षं एकाच टेबलाशी बसत आली होती. कोण कोणाशी कधी बोललं याच्या नोंदी पोलिसांनी मागितल्या, की कागद आधी तिच्या हाती यायचा. प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी धरून ती वाचायची, म्हणून सगळे तिला फूटपट्टीबाई म्हणत. कागदात खोट निघाली की तो परत. आणि परत गेलेल्या कागदांची नोंद ठेवायच्या 'परत वही'त कारण लिहून त्याखाली आणणाऱ्याची सही. भल्याभल्या साहेबांनी नाक मुरडत तिथे सह्या केल्या होत्या.

तिचा धाकटा भाऊ फौजदार झाला आणि औषधांच्या गोदामातली चोरी ही त्याची पहिली केस. संशयिताच्या चार दिवसांच्या नोंदी घ्यायला कोर्टाची परवानगी होती. यानं मागणीपत्रात बिनदिक्कत अख्खं वर्ष लिहिलं. टेबलापलीकडे ताईच तर होती.

फूटपट्टी तारखांवर थांबली. "वर्षभरात तो आईशी बोलला असेल, डॉक्टरशी बोलला असेल. ते तुला कशाला?"

"ताई, पहिलीच केस आहे गं. मोडता घालू नकोस."

"घरी तू माझा धाकटा. इथे तू अर्जदार. सही कर."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सही करताना त्यानं पेन इतकं दाबलं, की कागदाला भोक पडलं. दुपारी चार दिवसांचं पत्र आणून तो नोंदी घेऊन गेला खरा, पण पुढे कित्येक दिवस ताईशी धड बोलला नाही. ती बाई कोण, असं सोबतच्या हवालदारानं विचारलं तेव्हा "असेल कोणी" म्हणून मोकळा झाला.

खटला उभा राहिला आणि ताई साक्षीला आली. आरोपीच्या वकिलानं गोड हसून विचारलं, "हे साहेब तुमचे सख्खे भाऊ ना? मग हव्या तेवढ्या नोंदी घरच्या घरी दिल्या असतील."

नोंदी बाद झाल्या तर केसमध्ये दुसरं काही उरतच नव्हतं.

ताईनं वही पुढे केली. न्यायाधीशांनी वाचलं: मागणी परवानगीपेक्षा जास्त, सबब परत. खाली भावाची सही. त्यांनी त्या भोकावरून बोट फिरवलं आणि वकिलाला पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं. वकील खाली बसला. नोंदी पुराव्यात दाखल झाल्या.

बाहेर जिन्यात हवालदारानं पुन्हा विचारलं, "साहेब, या बाई कोण हो?"

भावाचा ऊर भरून आला होता. "माझी ताई," तो म्हणाला. "मलासुद्धा परत पाठवते."