पप्पांचं मशीन आणि श्वेताचा अर्धा तास

दोस्तहो, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून इथेच लिहितो.

खराडीजवळ नदीकाठी पप्पा कामाला होते ती बंद पडलेली कंपनी पाडून बाग केलीय. जॉगिंग ट्रॅक, बाकं, सगळं चकाचक. पप्पांचं मशीन तेवढं ठेवलंय, पिवळा रंग मारून, 'हात लावू नये' अशी पाटी लावून.

माझी मैत्रीण श्वेता शेजारच्या आयटी पार्कमधून लंच ब्रेकमध्ये आली. "अर्धा तास आहे, महत्त्वाचं बोलायचंय," म्हणाली. मी आधी तिला मशीन दाखवायला नेलं आणि त्यावर हात ठेवला. लगेच सिक्युरिटीवाल्या काकांची शिट्टी.

"अहो, पाटी वाचता येते ना?"

"बावीस वर्षं माझ्या बापाने चालवलंय हे! तुम्ही कोण सांगणार?"

"मग बापाला घेऊन या."

पप्पा गेल्या वर्षी वारले. माझी सटकलीच. श्वेता दंड धरून "सोड ना रे" म्हणत होती, मी तिचाही हात झटकला. भांडण संपलं तेव्हा तिचा ब्रेकही संपला होता. "कॉलेजही असंच भांडून सोडलंस," एवढंच बोलून ती गेली.

चार वाजता मेसेज आला. 'घरी स्थळ आलंय. तू थांब म्हणाला असतास, तर नाही सांगणार होते. आत्ता हो सांगितलं.'

फोन उचलत नाहीये. मी अजून इथेच बाकावर बसलोय. मघाशी काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "लावा हात. आमचे साहेब घरी गेलेत."

माझ्याने उठवलंच नाही. तुम्हीच सांगा, तिला एकदा "बोल" म्हणायला मला काय झालं होतं?