बॅकवॉटरच्या माळावरची पाचपेडी वेणी

या ग्रुपवर मी आतापर्यंत जे लिहिलं ते सगळं कामाचं लिहिलं. व्हॅनमध्ये पाण्याची टाकी कुठं बसवावी, आत शेगडी पेटवली की खिडकी का उघडी ठेवावी, उतारावर गाडी उभी करायची वेळ आलीच तर चाकाखाली फळ्या कशा लावाव्यात... आजारी माणसाला घेऊन कॅम्पिंग कसं करायचं यावर लिहिलं होतं, त्यावर तर अजून लोक मेसेज करतात. आजचं मात्र कुणाच्याच उपयोगाचं नाही. ॲडमिनना नको वाटलं तर खुशाल काढून टाकावं.

दिसणं, भासणं, अंगात येणं, करणी – कुणी हा विषय काढला की उठून भांडी घासायला जाणारी मी बाई. सासरच्या गावी एका पडक्या खोलीला लोक घाबरायचे, तिथं मी दुपारची ताणून झोपून आले होते. आणि आजही दुसऱ्या कुणी हीच गोष्ट मला सांगितली असती तर मी मान हलवली असती आणि मनात म्हटलं असतं, झोप झाली नसेल बिचारीची.

आम्ही कोल्हापूरचे. शाहूपुरीत आमचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. घरात मी, माझे मिस्टर विलास, कॉलेजला जाणारी मुलगी तनू आणि माझी आई. आईचं सगळं आयुष्य नेसरीला गेलं. वडील गेल्यावर ती तिथंच एकटी राहायची, म्हशी बघायची. मी एकुलती एक. ती विसरायला लागली तेव्हा मी तिला इकडं घेऊन आले. आधी ती मीठ घातलंय का ते विसरायची, मग गॅस बंद करायला, मग घराचं दार कुठल्या बाजूला आहे ते. शेवटी मला विसरली. मला 'बाई' म्हणायला लागली. "बाई, माझी शोभा शाळंतनं आली का गं?" असं मलाच विचारायची. शोभा मीच.

व्हॅन आम्ही हौसेनं केली नाही, हे इथं फार जणांना माहीत नाही. आईला नवी खोली सहन व्हायची नाही. एका लग्नाला गेलो होतो, तिथल्या लॉजवर ती आरशाकडं बघून इतकी ओरडली की खालून मॅनेजर पळत आला. डॉक्टर म्हणाले, तिच्या भोवतीच्या गोष्टी बदलू नका. तीच गादी, तीच चादर, त्याच भिंती. विलास म्हणाले, मग भिंतीच बरोबर घेऊन जाऊ की! एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. पत्र्याचं आणि बेडचं काम पेठ वडगावच्या रफिकभाईंनी केलं, गाद्या विलासनी स्वतः शिवल्या. आईच्या बेडला कठडा, उशाशी तिच्याच नेसरीच्या घराचा फोटो, छोटं टॉयलेट. सरकतं दार इतकं जड की ते उघडायला मलाच दोन्ही हात लागायचे. आई उठून बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही ते मुद्दाम तसंच ठेवलं होतं. गाडी कुठंही उभी केली तरी आईची खोली तीच राहायची, आणि खरंच ती त्यात शांत असायची. आम्हालाही चार मोकळे श्वास मिळायचे.

हे घडलं दिवाळीनंतर. राधानगरीच्या पुढं धरणाच्या बॅकवॉटरला एका शेतकऱ्याचा माळ आहे. आम्ही आधीही तिथं गेलो होतो. वस्ती लांब, जमीन कडक, गाडी रुतायची भीती नाही. मालक स्वभावानं मोकळे, सकाळ-संध्याकाळ दूध आणून द्यायचे. माळ जिथं पाण्याला टेकतो तिथं एक जांभळाचं झाड आहे. गाडी वरच्या बाजूला लावली तर त्या झाडाखालून ती पूर्ण दिसते. हे एवढं बारकाईनं सांगतेय, कारण पुढं मला सगळ्यांनी हेच विचारलं – दिसत होतं का नीट? दिसत होतं. लख्ख ऊन होतं.

त्या आठवड्यात आईनं आम्हाला झोपू दिलं नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगते. त्या दिवशी दुपारी मी तिला भाकरी कुस्करून भरवत होते. तिनं तोंडातला घास थुंकला आणि माझा हात ढकलला. "सोड मला, माझी शोभा येऊ दे, मग बघ," म्हणाली. मी तशीच बसून राहिले. विलासनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"तू जा. पाण्याकडं बस जा जरा. मी हाय, तनू हाय. काय होत न्हाई."

मी चटई घेतली आणि झाडाखाली जाऊन बसले. सकाळी केस धुतले होते ते तसेच मोकळे होते. पाणी अगदी स्थिर होतं. मला रडायचं होतं, पण तेवढीही ताकद नव्हती.

मागं वाळक्या गवतात पावलं वाजली. वळून बघितलं तर आई. तिचा निळा गाऊन, त्यावर तपकिरी स्वेटर. एकटीच चालत येत होती... सरळ, कुणाचा आधार नाही. मला वाटलं, विलासनी तिला खाली उतरवलं असेल आणि ते मागून येत असतील. भीती अजिबात वाटली नाही. अशा आजारात मधूनच एखादा चांगला दिवस येतो, ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना ठाऊक असेल. मी उठायला लागले तर तिनं खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"बस गं शोभे. केसांची काय दशा करून घेतलीस ही?"

शोभे. किती वर्षांनी ऐकलं मी ते.

ती माझ्या मागं बसली आणि बोटांनीच केसांचा गुंता काढायला लागली. आईचा हात इतका कापायचा की तिला चहाचा कप धरवत नव्हता. माझ्या केसांत ते हात कापत नव्हते. लहानपणी करायची तसे तिनं पाच पेड वेगळे केले आणि घट्ट ओढून वेणी घालायला सुरुवात केली. मी मागं वळून बघितलं नाही. वळले तर हे मोडेल असं वाटत होतं.

"तनू जेवली?"

"जेवली की."

"लई वाळलीया पोरगी. रातीचं दूध देत जा तिला."

"आई... बाबा आठवतात तुला?"

"न आठवाय काय झालं? तुझी वेनी घालाय बसलो की वराडायचा. पोरीला शाळंला उशीर हुतोय म्हनून."

आमच्याकडं बायकाही 'मी बसलो, मी आलो' असंच बोलतात. आईही तसंच बोलायची. तो आवाज, तो हेल, सगळं तिचं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आई, कुठं होतीस गं तू इतके दिवस?"

"मी व्हय? मी गेलो की गं कवाच." भाजी निवडताना बोलावं इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली. "तू उगंच शोधत बसलीयास. किती थकलीस बघ."

"असं नको ना बोलूस. येशील की परत. आलीसच की आता."

तिनं एक पेड ओढला, दुसरा ओढला.

"त्या बाईवर चिडू नगंस," ती म्हणाली. "तिला काय कळत न्हाई. भितीया ती."

"कुठल्या बाईवर?"

"गाडीतल्या."

मला वाटलं, झालं, परत भरकटायला लागली. चांगला दिवस संपला. तिनं वेणीचं टोक बांधलं आणि पाठीवर थाप मारली, वेणी झाली की मारायची तशीच.

"च्या टाक जा. तू हो म्होरं."

मी उठले. अर्ध्या वाटेत वळून बघितलं तर ती चटईवर पाण्याकडं तोंड करून बसली होती. मी गाडीपाशी आले आणि दोन्ही हातांनी दार ओढलं.

आत विलास हातमोजे घालून आईचं डायपर बदलत होते. तनू पाण्याचा टब धरून उभी होती. बेडवर आई होती. निळा गाऊन, तपकिरी स्वेटर. ती कठड्याला घट्ट धरून, डोळे फाडून छताकडं बघत होती.

"मम्मी, हाका मारून मारून घसा बसला माझा!" तनू म्हणाली. "तू गेलीस तशी आजी रडायलीया. दोघांना पण आवरंना."

"आई... बाहेर गेली नव्हती?"

"बाहेर कुठली?" विलास वैतागले होते. "तू गेल्यापासनं दार उघडलंय का कुणी?"

मी परत पळत गेले. झाडाखाली चटई होती. तिच्यावर कुणी नव्हतं. माळ उघडा आहे, तिथं लपायला काही नाही. मी आई, आई म्हणून ओरडत पाण्याच्या कडेनं धावत सुटले. विलासनी येऊन मला धरलं तेव्हा माझा आवाज बसला होता.

गाडीत आणून पाणी पाजलं, तेव्हा तनू माझ्या मागं होती. ती म्हणाली, "मम्मी, तुझी वेणी कुणी घातली?"

पाचपेडी वेणी होती. टोकाला लव्हाळ्याची हिरवी काडी गुंडाळून गाठ मारलेली. मला पाच पेडाची वेणी कधीच आली नाही, तनूच्या केसांचीसुद्धा. स्वतःच्या डोक्यामागं हात नेऊन तर शक्यच नाही. तनूनं फोटो काढला. पण तो एका वेणीचा फोटो आहे, त्यातून काय सिद्ध होणार?

विलास म्हणाले, डोळा लागला असेल, झोपेत माणूस काय काय करतं. मी मान्य केलं. मलाही तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माळाचे मालक दूध घेऊन आले. विलासनी सहज विचारावं तसं त्यांना विचारलं, काल दुपारी इकडं कुणी बाई आली होती का म्हणून.

"हितं कोन यतंय ओ?" ते म्हणाले. "काल दुपारचंच दूध घिऊन आलतो की मी. पर मायलेकी झाडाखाली वेनी घालत बसलेल्या, म्हटलं कशाला मधी जावा. तसाच माघारी गेलो. म्हातारी बरी झालीया न्हवं आता, पावणं?"

विलास हातात दुधाचं भांडं धरून तसेच उभे राहिले. मग "व्हय, व्हय" म्हणाले आणि आत आले. कोल्हापुरात घरी गाडी लावल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "शोभा, मी तासभर आईंना धरून बसलो होतो गं. माझ्या हाताला वळ आहेत त्यांच्या नखांचे."

डॉक्टरांना सांगितलं. ते समजूतदार आहेत, हसले नाहीत. सेवा करणाऱ्या माणसाच्या मनावर ताण येतो म्हणाले, झोपेच्या गोळ्या दिल्या. माळाच्या मालकांनी काय बघितलं ते विचारल्यावर म्हणाले, लांबून बघितलं ना त्यांनी. हो. लांबूनच.

वेणी मी सोडली नाही. केस धुतले नाहीत, उशीवर डोकं जपून टेकवायची. पण ती आपोआप सैल होत गेली, आणि एका सकाळी आरशात बघितलं तर नुसता गुंता उरला होता. लव्हाळ्याची काडी कधीच वाळून चुरा होऊन पडली होती.

त्यानंतर आम्ही परत परत तिथं गेलो. आईला घेऊन गेलो, आईला कामाच्या मावशींकडं ठेवून गेलो. त्याच जागी गाडी, तीच चटई. मी केस मोकळे सोडून दुपारभर पाण्याकडं तोंड करून बसायची. गवतात कधी कुत्रं चाललं, कधी शेळ्या आल्या. एकदा पावलं वाजली, ती विलासची होती. "चल शोभा, अंधार पडायच्या आत निघू," म्हणाले. मी ऐकलं नाही, तेव्हा ते तिथंच मातीत माझ्याजवळ बसले आणि रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मग मी तिथं जायचं बंद केलं.

आता आईला हलवता येत नाही. नाकातून नळी आहे. बोलणं थांबलं, 'बाई' म्हणणंही थांबलं. व्हॅन कव्हर घालून दारात उभी आहे. ग्रुपवरच्या कुणाला हवी असेल तर विलासना विचारा, मला नको.

तुम्ही तर्क लिहाल. लिहा, मी सगळे वाचेन. भास, थकवा, मेंदूचे खेळ, सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय आणि प्रत्येक वेळी ते माझ्या पाठीवरच्या त्या थापेपाशी येऊन अडतं. शेजारपाजारचे म्हणतात, आई डोळ्यासमोर आहे हेच नशीब. त्यांना काय सांगू? तिच्यासाठी रडावं तर ती आतल्या खोलीत श्वास घेतेय. आणि ती आहे म्हणावं, तर ती स्वतःच मला सांगून गेली.

मी सेवा सोडलेली नाही. कूस बदलते, पावडर लावते, नळीतून पेज घालते. चिडत तर मुळीच नाही. परवा सकाळी तिचं तोंड पुसताना मी म्हणाले, "जरा मान वळवता का इकडं? दुखतंय का तुम्हाला?"

दारात विलास उभे होते.

"शोभा," ते हळूच म्हणाले, "आईंना तू अहो-जाहो कधीपासनं करायला लागलीस?"

मला आठवेना. मी रुमाल खाली ठेवला, तिच्या तोंडाजवळ वाकले आणि 'आई, तू' एवढंच म्हणून बघायचं ठरवलं.

नाही म्हणता आलं.