लावणीची रजा

हे मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. आजच तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

खालापुराकडे बाटल्यांची झाकणं बनवायचा एक छोटा कारखाना होता. मी तिथं मॅनेजर. काय दिवस होते हो! जेवणाच्या सुट्टीत डबे एकत्र उघडायचे — तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी — आणि माझी पोळी-बटाट्याची भाजी पाहून बायका तोंडावर हसायच्या. अजून त्या रस्त्यानं गेलो की मान आपोआप तिकडं वळते.

आमची एक रीत होती. भातलावणीच्या दिवसांत रजेचा अर्ज नाही. बाईनं येऊन दिवस सांगायचा, मी 'बरं' म्हणायचं, संपलं. कारण गावोगाव सावड — आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. ठरलेला दिवस मोडला की बाईची पत जाते. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

पॅकिंगला पळसदरीकडची वनिता होती. तिनं दिवस सांगितला, मी 'बरं' म्हणालो, आणि — विसरलो. नेमका त्याच दिवशी मोठा माल जायचा होता. मी तिला कामावर लावलं.

आदल्या दिवशी तिला कळलं. मालक माझ्या शेजारीच उभे. ती हातातलं खोकं आपटून ओरडली, "तुमीच बरं म्हनलात ना, सायेब? हितंच उभं राहून! उद्या बाया शेतात येतील, मीच नाय तर त्यांना काय तोंड दाखवू?" आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागली.

मला सगळं आठवलं होतं — तिचं पुरतं बोलून व्हायच्या आधीच. ओरडलो असतो तरी परवडलं असतं. मी गोड झालो. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच म्हणालो, "वनिता, अगं, तू मला काही सांगितलंच नव्हतंस. दमलीयस तू."

मालकांनी माझी पाठ थोपटली. माणसं सांभाळावीत तर अशी, म्हणाले. लाज वाटली? खरं सांगू — बरं वाटलं.

तिची लावणी तिच्यावाचून झाली. पुढं गावातल्या बाया तिला सावडीत घ्यायला कां-कूं करू लागल्या. कारखान्यात तर 'डोक्यानं जरा तापट' हा शिक्काच बसला. मुकादम नेमायची वेळ आली तेव्हा सगळ्यात हुशार तीच होती, आणि मी तिचं नाव घेतलं नाही. मुकादम म्हणून तिला रोज समोर बघायची माझी छाती नव्हती.

पण हे सगळं नंतरचं. त्याच दिवशी, काम सुटल्यावर, ती माझ्या टेबलापाशी आली. डोळे सुजलेले, पदर हातात पिळत म्हणाली, "चुकलं माजं, सायेब. माज्याच डोक्यात कायतरी घोळ झाला असंल."

मालक कधीच गेले होते. खोलीत आम्ही दोघंच. भ्यायला कुणी उरलं नव्हतं.

मी तिला माफ केलं.